गुडघ्यातले पाणी आधी तपासा, अँटिबायोटिक नंतर द्या

संपादक महोदय,
स. न.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गुडघेबदलावर लेख येतात आणि थंडी सुरू झाली की मोफत तपासणी शिबिरांच्या जाहिरातीही येतात. रुग्ण दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो, दोन-तीन महिन्यांत जिना चढतो, असे त्यांत म्हटलेले असते आणि ते खरे आहे. पण बसवलेल्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर काय करायचे, याबद्दल फार तर एखादे वाक्य असते. पहिल्यांदाच केलेल्या गुडघेबदलात साधारण शंभरात एक ते दोन जणांना हा संसर्ग होतो. आकडा लहान आहे. पण इंदूरला खरगोन, बडवानी, खंडवा, बऱ्हाणपूर, धार, देवास अशा चहूकडून रुग्ण येतात, टाके घेऊन गावी परततात आणि पुढचे ड्रेसिंग तिथल्याच दवाखान्यात करवून घेतात. अडचण आली की त्यांना पहिल्यांदा पाहतो तो गावचा डॉक्टर. त्या डॉक्टरांसाठी, रुग्णांसाठी आणि रुग्णांच्या घरच्यांसाठी हे पत्र आहे. लांबले आहे, पण शक्य तर पूर्ण छापावे ही विनंती.

आमचे म्हणणे एकच आहे. कृत्रिम सांधा बसवलेला गुडघा सुजला, गरम झाला, नव्याने दुखू लागला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर सांध्यातले पाणी सुईने काढून तपासणीला जाईपर्यंत अँटिबायोटिकची एकही गोळी देऊ नये. याला अपवाद फक्त अशा रुग्णाचा, ज्याला हुडहुडी भरून ताप आहे, रक्तदाब उतरलेला आहे, धाप लागली आहे किंवा जो असंबद्ध बोलतो आहे. त्याला क्षणभरही थांबवायचे नसते. तो रुग्णालयात पोहोचताच रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि सांध्यातले पाणी घ्यायचे आणि लगेच शिरेतून औषध सुरू करायचे. बाकीच्या बहुतेक रुग्णांत एक-दोन दिवस थांबून तपासणी करून घेतल्याने काही बिघडत नाही. आधी गोळी दिल्याने मात्र पुष्कळ बिघडते.

ते का, हे समजायला सांध्याची रचना पाहावी लागते. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती आणि धातू हाडाला धरून ठेवणारे सिमेंट, असा हा नवा सांधा असतो. यांतल्या कशातही रक्त खेळत नाही. जंतू धातूवर किंवा प्लास्टिकवर बसले की काही दिवसांत स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या आतले जंतू फार हळू वाढतात आणि बहुतेक अँटिबायोटिक वाढत्या जंतूंवरच नीट काम करतात. टाकीच्या भिंतीला धरलेले शेवाळ नुसते पाणी बदलून जात नाही, घासावेच लागते, तसे हे आहे. गोळीने थराबाहेर सुटलेले जंतू मरतात. ताप उतरतो, दुखणे कमी होते, सगळ्यांना बरे वाटते. धातूवरचा थर मात्र तिथेच राहतो आणि गोळी बंद झाली की दोन-चार आठवड्यांत सूज परत येते.

मधल्या काळात दोन गोष्टी हातच्या गेलेल्या असतात. गोळी चालू असताना काढलेल्या पाण्यात जंतू बऱ्याचदा वाढतच नाहीत, त्यामुळे कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही. दुसरी गोष्ट वेळेची आहे. मूळ शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांच्या आत, किंवा जुन्या सांध्यात लक्षणे सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत रुग्ण आला, तर धातूचे भाग न काढता सांधा धुऊन वाचवता येण्याची आशा असते. थर पक्का झाल्यावर ती राहत नाही. पाच दिवस सेफिक्सिम, मग सात दिवस अमॉक्सिक्लॅव्ह, मग कंपाउंडरकडून ॲमिकॅसिनची इंजेक्शने, असे करत महिना उलटला की एका शस्त्रक्रियेच्या जागी दोन मोठ्या शस्त्रक्रिया वाट्याला येतात.

रक्ताच्या तपासण्या स्वस्त आहेत, त्या लगेच कराव्यात. पण वाचताना जपावे. सीआरपीचा (शरीरातली सूज-दाह दाखवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचा) आकडा काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे. जुन्या सांध्यात १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वरचा आकडा संशयास्पद धरतात. डेसिलिटरमध्ये तोच आकडा १ होतो आणि ‘एकच तर आहे’ म्हणून कागद बाजूला पडतो. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी आपोआपच चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातो आणि मग उतरत तीन ते सहा आठवड्यांत जागेवर येतो. म्हणून सुरुवातीच्या सहा आठवड्यांत एका आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची असते. उतरलेला सीआरपी पुन्हा चढू लागला तर ती धोक्याची खूण समजावी. ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी) अनेक महिने वाढलेला राहू शकतो, त्यावर एकट्यावर विसंबू नये. आणि दोन्ही आकडे चांगले आले म्हणजे संसर्ग नाहीच, असेही नसते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू जोरात येतो, ताप आणतो, पू करतो. कातडीवर राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस मात्र गुपचूप बसतो. असा गुडघा शस्त्रक्रियेच्या दिवसापासून कधी पूर्ण दुखायचा थांबलेलाच नसतो, एक्स-रे बराच काळ साफ असतो आणि रुग्णाला ‘व्यायाम कमी पडतो आहे’ असे ऐकवले जाते. सतत दुखणाऱ्या अशा गुडघ्यातलेही पाणी तपासलेच पाहिजे.

पाणी काढणे हे ऑर्थोपेडिक सर्जनचे काम आहे आणि ते थिएटरमध्ये किंवा तितक्याच निर्जंतुक जागी व्हावे. ड्रेसिंगच्या खोलीत होऊ नये. लाल, सोललेल्या कातडीतून सुई घालू नये, नाही तर वरचे जंतू आत जातील. भूल फक्त कातडीला द्यावी. लिग्नोकेन सांध्यात गेले तर जंतूंची वाढ दबते आणि कल्चर बिघडते. पाणी आले नाही तर सलाइन आत सोडून तेच ओढून घेण्याचा मोह टाळावा, त्याने पेशींची मोजणी निरर्थक होते. आलेले पाणी तीन ठिकाणी वाटायचे: थोडे जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, पेशी मोजण्यासाठी; थोडे रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांत, एक हवेत वाढणाऱ्या जंतूंची आणि एक हवेशिवाय वाढणाऱ्यांची; उरलेले साध्या निर्जंतुक डबीत. गाऊटची शंका असेल तर स्फटिकही पाहावेत, पण स्फटिक दिसले म्हणून संसर्ग नाही असे ठरवू नये. दोन्ही एकत्र असू शकतात.

यानंतर जे होते त्यावर आमचा सर्वांत जास्त राग आहे. नमुना नातेवाइकाच्या हातात दिला जातो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडेल तेव्हा नेऊ म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. कल्चरचा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो; खोलीच्या तापमानात, होता होईल तो दोन तासांत पोहोचवायचा असतो. उशीर झाला की पेशीही फुटून कमी मोजल्या जातात. मग कागदावर ‘गुडघ्यातले पाणी, कल्चर’ एवढेच लिहिलेले असते. प्रयोगशाळा ते नेहमीच्या नमुन्यासारखे ४८ ते ७२ तास ठेवून ‘वाढ नाही’ असा अहवाल देते. कृत्रिम सांध्यातले मंद जंतू इतक्यात वाढत नाहीत. बाटल्या आणि प्लेटी १४ दिवस ठेवाव्या लागतात. म्हणून कागदावर स्पष्ट लिहावे: कृत्रिम सांधा आहे, १४ दिवस ठेवा, शेवटचे अँटिबायोटिक अमुक तारखेला घेतले. औषध चालू असेल आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर ते थांबवून दोन आठवड्यांनी पाणी काढणे केव्हाही चांगले. हा निर्णय सर्जनने घ्यायचा, रुग्णाने परस्पर नव्हे. जखमेच्या छिद्रातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पाठवू नये. त्यात कातडीवरचे जंतू येतात आणि त्यांच्यावरच महिनाभर उपचार चालू राहतात.

पेशींचे आकडे वाचतानाही घोटाळा होतो. नैसर्गिक गुडघ्यात पू झाला तर पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ५०,००० च्या वर असाव्यात, असे सगळे शिकलेले असतात. कृत्रिम सांध्यात जुन्या संसर्गासाठी ३,००० पेशी आणि त्यांतल्या ८० टक्के न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एवढेच पुरेसे संशयास्पद असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ही रेषा १०,००० आणि ९० टक्के अशी धरतात. ४,५०० चा आकडा पाहून ‘साधी सूज आहे’ म्हणून परत पाठवलेला रुग्ण हा याच गल्लतीचा बळी असतो. आणखी एक: जखमेजवळ नासूर पडून तो थेट सांध्यापर्यंत गेलेला असेल, तर पुढे कोणताही आकडा बघायची गरज नाही. तो संसर्गच आहे. दोन वेगळ्या नमुन्यांत एकच जंतू सापडला तरीही तसेच.

आता ताज्या जखमेविषयी. पहिले दोन-तीन दिवस ड्रेसिंगला थोडे रक्ताळ पाणी लागणे नेहमीचे आहे. पाचव्या-सातव्या दिवसानंतरही रोज ड्रेसिंग भिजत असेल, तर कारण शोधले पाहिजे. आत रक्त साचलेले असते, रक्त पातळ करणारे औषध जास्त पडलेले असते, आतल्या थराचा टाका सुटलेला असतो, साखर चढलेली असते किंवा अंगात प्रथिने कमी असतात. यांपैकी कशावरही गोळी चालत नाही. ज्या वाटेने पाणी बाहेर येते त्याच वाटेने जंतू आत जातात. सर्जन एक-दोन दिवस व्यायाम थांबवून पाहील, दाबपट्टी बांधेल, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा फेरविचार करेल. तरी थांबले नाही तर रुग्णाला थिएटरमध्ये नेऊन जखम उघडेल, धुईल आणि नव्याने शिवेल. ऐकायला जड वाटते, पण दहाव्या दिवशीची ही छोटी शस्त्रक्रिया तिसऱ्या महिन्यातल्या मोठीला टाळते. मोबाइलवर जखमेचा फोटो पाठवून ‘ठीक दिसते आहे’ असे उत्तर मिळाले तर त्यावर थांबू नका. फोटोत ना सांध्याची गरमी कळते, ना आतले पाणी.

सांधा वाचवण्याची शस्त्रक्रिया वेळेत ठरली तर ती उघडूनच करावी लागते. दुर्बिणीतून धुणे पुरत नाही, कारण सांध्याचा मागचा भाग आणि चकतीची खालची बाजू हाती लागत नाही. जुन्याच छेदातून सांधा उघडतात; पाच-सहा ठिकाणचे ऊतींचे तुकडे, प्रत्येक वेळी वेगळे अवजार वापरून, वेगवेगळ्या डब्यांत घेतात; सडलेले सगळे कापून काढतात; प्लास्टिकची चकती काढून धातू घासतात; सहा ते नऊ लिटर सलाइनने धुतात आणि नवी चकती बसवतात. चकती न बदलता केलेले धुणे अर्धवट राहते.

आणि इथेच एक अगदी साधी अडचण येते. नवी चकती त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच मापाची लागते. एका कंपनीची चकती दुसरीच्या बैठकीत बसत नाही. इम्प्लांटच्या प्रत्येक डब्यात कंपनी, माप आणि लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असतात आणि ते शस्त्रक्रियेच्या नोंदीवर चिकटवतात. रुग्णाच्या हातात मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर ते बहुधा नसतात. इंदूरच्या मराठी घरांत मुलगा-सून पुण्यात म्हणून आईचा गुडघा पुण्यात बदललेला, आणि ती राहते रामबागेत किंवा सुदामा नगरात, हे तर नित्याचेच. अडचण येते तेव्हा रविवार असतो, पुण्याचे रेकॉर्ड रूम बंद असते आणि कोणत्या कंपनीचा सांधा आहे हेच ठाऊक नसते. गुडघा बदललेल्या प्रत्येकाने आजच ते स्टिकर मागून घ्यावेत, त्यांचा फोटो घरच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

संसर्ग जुना झाला असेल तर सांधा काढावाच लागतो. प्रचलित पद्धत दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात धातू, चकती आणि हाडाच्या पोकळीत शिरलेले सिमेंटचे कण न् कण काढतात. राहिलेला एक तुकडाही जंतूंना घर पुरवतो. रिकाम्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा, म्हणजे स्पेसर, बसवतात. सिमेंट घट्ट होताना बरेच तापते, म्हणून ते तापमान सोसणारीच औषधे चालतात: व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन. सिमेंटच्या ४० ग्रॅमच्या पाकिटाला व्हॅन्कोमायसिनची पावडर साधारण २ ते ४ ग्रॅम घालतात. नव्या सांध्याला कायमचे धरून ठेवणाऱ्या सिमेंटमध्ये इतके घालत नाहीत, तिथे १-२ ग्रॅमच्या पुढे गेले की सिमेंटची ताकद घटते. जेंटामायसिनच्या इंजेक्शनचे पाणी सिमेंटमध्ये ओतणे चूक आहे, त्याने ते ठिसूळ होते. कारखान्यातच जेंटामायसिन मिसळलेले सिमेंट मिळते, तेच घ्यावे. सिमेंटमधून औषध देण्याची ही कल्पना जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्झ यांची, १९७० च्या सुमाराची. त्याच शहरात एकाच शस्त्रक्रियेत जुना सांधा काढून नवा बसवण्याची पद्धतही रुजली. पण त्यासाठी जंतू आधीच ओळखलेला असावा लागतो आणि भोवतालची कातडी-स्नायू चांगले असावे लागतात. पाणी तपासण्याचा आमचा आग्रह इथेही उपयोगी पडतो: जंतू माहीत असेल तर एका टप्प्याचा विचार तरी करता येतो.

स्पेसर असताना मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, क्रिएटिनिन आठवड्याला पाहावे. अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे चालते. मग जखम कोरडी आहे, सीआरपी उतरलेला आहे, हे पाहून दोन-तीन महिन्यांच्या आसपास दुसरा टप्पा करतात. मोठ्या केंद्रांच्या अनुभवात असे दहापैकी आठ-नऊ रुग्ण संसर्गमुक्त होतात. ज्यांच्यात हे साधत नाही त्यांच्यासाठी गुडघा कायमचा सरळ जोडून टाकण्याचा मार्ग उरतो आणि अगदी क्वचित पाय काढावा लागतो.

दुःख याचे की पुष्कळ रुग्ण दुसऱ्या टप्प्याला परततच नाहीत. हलणाऱ्या स्पेसरवर थोडे चालता येते, दुखणे कमी झालेले असते, पैसे संपलेले असतात. पण स्पेसर तात्पुरताच असतो. त्यातून औषध पाझरणे काही आठवड्यांत नगण्य होते, पुढे तो झिजतो, सरकतो, तुटतो, हाड खात जातो आणि नंतर सांधा बसवणे दरवेळी अवघड होते. खर्चाची कल्पना पहिल्याच दिवशी दोन्ही टप्प्यांची मिळून द्यायला हवी. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियम संचाला ५४,७२० रुपये आणि पुन्हा बसवायच्या रिव्हिजन संचाला १,१३,९५० रुपये, जीएसटी वेगळा, अशी कमाल ठरली होती. म्हणजे धातूच दुपटीहून महाग. त्यावर सिमेंट, औषधे, दोनदा भरती आणि तीन महिन्यांची बुडालेली मजुरी. विमा असेल तर दोन्ही शस्त्रक्रियांची मंजुरी पहिल्या भरतीतच विचारून घ्यावी.

औषधांबद्दल दोन-तीन गोष्टी. मुदत कमी करू नये. फ्रान्समधल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृत्रिम सांध्याच्या संसर्गासाठी सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी १८.१ टक्क्यांत संसर्ग टिकून राहिला, बारा आठवडे घेतलेल्यांत ९.४ टक्क्यांत. दुसरीकडे, सगळी मुदत शिरेतूनच औषध घ्यावे लागते असेही नाही. ब्रिटनमधल्या २०१९ च्या मोठ्या चाचणीत हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या आठवड्यानंतर योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांपेक्षा कमी पडल्या नाहीत. बडवानीच्या माणसाला यामुळे सहा आठवडे इंदुरात खोली घेऊन राहावे लागत नाही. पण ‘योग्य निवडलेल्या’ याचा अर्थ पुन्हा तोच: जंतू माहीत हवा.

धातू आत ठेवला असेल आणि जंतू स्टॅफिलोकॉकस असेल, तर रिफॅम्पिसिन हे बायोफिल्ममध्ये शिरणारे मोलाचे औषध आहे. ते एकटे कधीच देऊ नये, काही दिवसांत जंतू त्याला दाद देईनासे होतात. जखम कोरडी झाल्यावर, दुसऱ्या लागू औषधाच्या जोडीनेच द्यावे, आणि त्याआधी क्षयरोग नाही याची खात्री करावी. रिफॅम्पिसिन चालू असताना वॉर्फरिन, अपिक्साबॅन, मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा असर घटतो. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या रुग्णाने ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला सांगावी. लिनेझोलिड दवाबाजारात सहज मिळते म्हणून महिनोन्महिने घेतलेले दिसते. दोन आठवड्यांच्या पुढे त्याने प्लेटलेट कमी होतात, लांबवले तर पायांच्या आणि डोळ्यांच्या नसा बिघडतात. दर आठवड्याला रक्त तपासल्याशिवाय ते चालू ठेवू नये. शिवाय औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात ते हाताशी असलेल्या मोजक्या औषधांपैकी आहे, त्याची उधळपट्टी परवडणारी नाही.

ज्यांचा गुडघा अजून बदललेला नाही, पण त्यात पूर्वी पू झाला होता, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना ‘आता तुमचा गुडघा कधीच बदलता येणार नाही’ असे सांगितले जाते किंवा काहीच न विचारता थेट तारीख दिली जाते. दोन्ही चूक. संसर्ग पूर्ण शमल्यावर गुडघा बदलता येतो; धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि तो समजून घेऊन तयारी करावी लागते. औषध बंद असताना ईएसआर, सीआरपी आणि सांध्यातले पाणी तपासावे. शस्त्रक्रियेच्या वेळी ऊतींचे नमुने घ्यावेत आणि सोय असेल तिथे फ्रोझन सेक्शन (ऊतीचा तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) करावे. त्यात मोठ्या भिंगाखाली प्रत्येक क्षेत्रात पाच वा अधिक न्यूट्रोफिल, अशी पाच क्षेत्रे दिसली तर त्या दिवशी धातू न बसवता स्पेसर ठेवून बाहेर यावे. हे रुग्णाला आधीच सांगून ठेवले तर नंतर गैरसमज होत नाही.

आपल्याकडे क्षयरोगाचा गुडघा विसरून चालत नाही. महिनोन्महिने हळूहळू सुजणारा, फारसा गरम नसलेला, मांडी वाळवणारा गुडघा संधिवात समजून त्यात स्टेरॉइड टोचले की आग भडकते. सांध्याच्या अस्तराचा तुकडा घेऊन सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चर करावे. हाडा-सांध्यांच्या क्षयाला फुप्फुसासारखे सहा महिने पुरत नाहीत. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत बारा महिने, गरजेप्रमाणे अठरापर्यंत, असे सांगितले आहे. औषधे सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात आणि नोंद झालेल्या रुग्णाला आहारासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. सांधा बदलायचा तो रोग आटोक्यात आल्यावर, आणि क्षयाची औषधे शस्त्रक्रियेनंतरही ठरल्याप्रमाणे पूर्ण करायची.

स्टेरॉइडचे एक इंजेक्शन दुखऱ्या गुडघ्याला काही आठवडे आराम देते, त्याला आमचा विरोध नाही. पण त्यानंतर तीन महिने गुडघेबदल करू नये, संसर्गाचा धोका वाढतो. शिबिरात तारीख देताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण रुग्ण स्वतःहून सांगत नाही. कित्येकांना टोचलेल्या औषधाचे नावही माहीत नसते.

बाकी तयारी थोडक्यात: तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.५ ते ८ टक्क्यांच्या खाली, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन ३.५ च्या वर, तंबाखू-विडी किमान महिनाभर आधी बंद, टाचेच्या भेगा, पायाच्या बोटांमधले खरजुले, किडलेले दात आधी बरे केलेले. घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. लघवीत नुसते जंतू सापडले पण जळजळ नाही, तर त्यासाठी औषध लागत नाही. छेद देण्याआधीच्या तासाभरात, मांडीचा पट्टा आवळण्यापूर्वी सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, १२० किलोच्या पुढच्या रुग्णाला ३ ग्रॅम. आणि ते चोवीस तासांत थांबवायचे. पुढे दहा दिवस गोळ्या चालू ठेवून संसर्ग टळत नाही. सांधा कितीही जुना असो, पायाची जखम, गळू, लघवीचा संसर्ग यांतून जंतू रक्तावाटे तिथे पोहोचू शकतात. आठ वर्षे छान चाललेला गुडघा एका रात्रीत सुजला तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक सर्जन गाठावा.

शहरातल्या रुग्णालयांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवावेत. रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर लिहावा. आणि ठळक अक्षरांत, हिंदी व मराठी दोन्हींत, छापावे: ‘या रुग्णाच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. सूज, ताप किंवा जखमेतून पाणी येत असल्यास अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी वरील क्रमांकावर फोन करा.’ एमजीएम मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने पुढाकार घेऊन शहरातल्या खासगी प्रयोगशाळांसह १४ दिवसांच्या कल्चरची एक समान पद्धत ठरवावी आणि सीआरपी सर्वांनी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच द्यावा. आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी गुडघेबदलावर पान निघेल तेव्हा कार्डावरचे ते दोन ओळींचे वाक्य चौकटीत छापावे, म्हणजे ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे त्यांना ते कापून आपल्या फाइलला लावता येईल.

आपले,
अस्थिरोग, सूक्ष्मजीवशास्त्र आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांत काम करणारे काही मराठी वाचक, इंदूर